एकशे पंचविसावी पायरी

खिडकीजवळचं टेबल त्या बुधवारी रिकामं होतं. मी दारात थबकले, आणि का थबकले ते मला लगेच कळलं नाही. चालता पंखा कुणी बंद केला की आधी नुसतं काहीतरी थांबल्यासारखं वाटतं, पंखा नंतर आठवतो, तसं झालं. चौदा महिने त्या टेबलावर चौकटीची वही उघडी असायची, तिच्यावर लोखंडी फूटपट्टी आणि झाकण काढलेलं पेन. आता तिथं ओल्या फडक्याच्या रेघा वाळत होत्या. बाबा खाली लादीवर बसून भिजवलेले वाल सोलत होते. मे महिना होता. करी रोडच्या त्या सतराव्या मजल्यावर वारा सगळीकडून येतो आणि गरमच येतो. बाबांनी सदरा काढून खुर्चीला लावला होता. "इलंस? बस," ते म्हणाले. मी गिरगावातून ऑफिस सुटल्यावर आले होते, पिशवीत तीनशे पानांचं मुद्रित होतं, डोळे चुरचुरत होते. "आज वही नाही?" मी विचारलं. "आज सुट्टी." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे सकाळधरून सोलतत. लग्नाक पन्नास वर्सां झाली, पयल्यांदाच बघतंय." बाबांनी थाळी माझ्यापुढे सरकवली. "एकय वाल मोडूक नाय, बघ." खरंच एकही मोडला नव्हता. पांढरे, गुळगुळीत, सगळे एका मापाचे वाटावेत असे. मी म्हणाले, "छान," आणि मुद्रित काढून दोन पानं तपासली. दमले असतील, डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झालेत, असं काहीतरी मनात येऊन गेलं. जेवून नऊच्या आत मी दादरला माझ्या घरी परतले. गुरुवारी सकाळी सव्वासातला चहाचा कप खाली ठेवून बाबा भिंतीला टेकले. आईला वाटलं, डुलकी लागली.

माझे वडील लवू धुरी हे लालबागच्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. टर्नर म्हणजे लेथवर लोखंड कातणारा. हे वाक्य मी इतक्या सरळ लिहिते आहे, पण शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'मेकॅनिक' लिहीत असे, कॉलेजात 'टेक्निशियन' झालं, आणि लग्नाच्या वेळी कुणीतरी 'इंजिनीअर' म्हटलं तेव्हा मी खोडून काढलं नाही. बाबा स्वतः कुणी विचारलं की दोन्ही तळवे समोर धरत आणि म्हणत, "टर्नर." जणू ते तिथं लिहिलेलंच आहे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी आणखी वीस वर्षं भाड्याच्या शेडमध्ये लेथ चालवलं, आणि मग चाळ पाडून हा टॉवर उभा राहिला तेव्हा त्यांच्याकडे वेळ होता, टेबल होतं, खिडकी होती. त्या खिडकीतून जुन्या गिरणीची चिमणी जिथं होती ती जागा दिसायची. ते तिकडे पाहत नसत. ते वहीत पाहत.

एकशे सत्तावीस हा आकडा आमच्या घरात मला समजायला लागल्यापासून होता. दुसऱ्या घरांत एखाद्या मामाचं नाव असतं तसा. गिरणीतलं लेथ इंग्रजी, त्याचा मुख्य स्क्रू इंचाच्या मापाचा. आणि नवीन यंत्रं आली ती मिलिमीटरची. इंचाच्या यंत्रावर मिलिमीटरचा आटा, म्हणजे स्क्रूचा पेच, पाडायचा तर मध्ये एक चाक लागतं, आणि त्या चाकाला नेमके एकशे सत्तावीस दात लागतात, कारण इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार दशांश मिलिमीटर, आणि दहा इंचांच्या दोनशे चोपन्न मिलिमीटरचे निम्मे एकशे सत्तावीस. दुसरी बहुतेक मोठी चाकं दोन छोट्या चाकांची जोडी लावून भागवता येतात. साठ दातांचं नसेल तर वीस आणि तीनचं गणित जमवायचं. एकशे सत्तावीसला ती सोय नाही. त्याला एक आणि तो स्वतः यांखेरीज कुणी भागत नाही. त्याचे तुकडे होत नाहीत. पाहिजे तर तो अख्खा पाहिजे. गिरणीतलं ते चाक एकदा तडकलं. विलायतेहून यायला आठ महिने लागणार होते, आणि बाबांनी ते वर्कशॉपमध्ये कातून दिलं. वर्तुळाचे एकशे सत्तावीस सारखे भाग पाडणारी तबकडी कुठल्याच कारखान्यात नसते. त्यांनी दुसऱ्या चाकांची गती त्यात मिसळून ते भाग पाडले, तीन दिवस, जेवणाच्या सुट्टीत यंत्राला कुणी हात लावू नये म्हणून शेजारी बसून. शेवटचा दात पहिल्या दाताला जिथं भेटायला हवा तिथं भेटला. हे मला त्यांच्या तोंडून कधी नीट कळलं नाही. दौलतकाकांनी सांगितलं. दौलतकाका म्हणजे त्याच वर्कशॉपमधले फिटर, साताऱ्याकडचे, आता पंच्याहत्तरचे. आमच्याच टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर. "तुझा बाप चाकापाशी बसला व्हता अपू, जसं बाळंतिणीपाशी बसावं."

मग कधीतरी दादरच्या वाचनालयात त्यांना एक पुस्तक मिळालं. गणिताच्या गमतींचं, मुलांसाठीचं. त्यात लिहिलं होतं की दोन हा आकडा एकशे सत्तावीस वेळा मांडून सगळ्यांचा गुणाकार केला आणि त्यातून एक वजा केला की जी एकोणचाळीस आकडी संख्या येते तीही मूळ संख्या आहे. तिलाही कुणी भागत नाही. दीडशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाने ते हाताने सिद्ध केलं. हाताने तपासलेली त्याहून मोठी मूळ संख्या अजून नाही, पुढच्या सगळ्या यंत्रांनी केल्या. बाबांना दोन गोष्टींनी धरलं असावं: एकशे सत्तावीस, आणि 'हाताने'. त्यांनी ती संख्या पाठ केली. दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून, आमच्याकडे संध्याकाळी परवचा म्हणत तशी: एक, सत्तर, चौदा, अकरा, त्र्याऐंशी, सेहेचाळीस, शून्य चार, एकोणसत्तर, तेवीस, सतरा, एकतीस, अडुसष्ट, त्र्याहत्तर, शून्य तीन, एकाहत्तर, अठ्ठावन्न, चौऱ्याऐंशी, दहा, सत्तावन्न, सत्तावीस. दाढी करताना, रेशनच्या रांगेत, माझ्या बाळंतपणात हॉस्पिटलच्या बाकावर. नर्सला वाटलं, आजोबा जप करतायत. आणि सत्तरी ओलांडल्यावर, एका पाडव्याला, त्यांनी ती तपासायला घेतली.

तपासणीची रीत सांगायला सोपी आहे. चारापासून सुरुवात करायची. चाराचा वर्ग, त्यातून दोन वजा: चौदा. चौदाचा वर्ग, वजा दोन: एकशे चौऱ्याण्णव. असंच पुढे. संख्या फुगत जाते. ती आपल्या एकोणचाळीस आकडी संख्येहून मोठी झाली की तिला आपल्या संख्येने भागायचं आणि फक्त बाकी ठेवायची. अशा एकशे पंचवीस पायऱ्या. एकशे पंचविसाव्या पायरीला शून्य उरलं तर संख्या मूळ; दुसरं काहीही उरलं तर नाही. सातव्या पायरीपासून प्रत्येक बाकी अडतीस-एकोणचाळीस आकडी अरण्य असतं. एका पायरीला दोनशेवर गुणाकार, मग तेवढाच लांब भागाकार. बाबांना दोन दिवस लागत, कधी तीन. आणि यातली क्रूर गोष्ट अशी, की कुठल्याही पायरीला एक आकडा चुकला तर पुढचं सगळं वाया, आणि ते वाया गेल्याचं कळतं एकदम शेवटी. मधल्या बाक्यांना चेहरा नसतो. बरोबर बाकी आणि चूक बाकी शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात. बाबांनी म्हणून प्रत्येक पायरीला दोन ताळे लावले होते, नवाचा आणि अकराचा. ते त्यांना गेज म्हणत. कातलेला दांडा जसा गेजमध्ये घालून बघायचा, गेला तर पास, तसं. पास झाल्यावर समासात दोन बारीक खुणा.

दसऱ्याला ते अठ्ठ्याऐंशी पायऱ्या करून एकोणनव्वदावी संपवून बसले होते आणि वही भरली होती. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. गिरणीत लेथला झेंडूची माळ घालत आणि त्या दिवशी त्याला कुणी चालवत नसे, फक्त मुहूर्ताला एक फेरा द्यायचा. बाबांनी पाटीवर सरस्वती काढली. लहान मुलं काढतात तशीच, एक या आकड्याने. एकापुढे एक एक मांडत जायचे आणि त्यातून तिची आकृती उठते. पण माझ्या मुलीला, स्पृहाला, त्यांनी हे एक मोजायला लावले. ती इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "एकशे सत्तावीस," ती म्हणाली, आणि मग तिचा चेहरा बदलला. "आजोबा! बायनरीत तो नंबर असाच लिहितात. नुसते वन. एकशे सत्तावीस वन." बाबा म्हणाले, "मगे? शारदा कसली म्हणान वाटला तुका?" ते किती खूश होते. मी ते पाहिलं. मग मुहूर्त म्हणून त्यांनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर जुन्या वहीतली एकोणनव्वदावी बाकी उतरवून घेतली, हळदकुंकू लावलेल्या हाताने, दोन्ही गेज लावले, खुणा केल्या, आणि वही मिटून पूजेत ठेवली. त्या दिवशी काम करायचं नव्हतं. फक्त एक फेरा.

डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, स्पृहा तिच्या लॅपटॉपवर काहीतरी करत होती आणि सहज म्हणाली, "आई, आजोबांचं सगळं दहा ओळींत होतं. बघ." तिने बटण दाबलं. एकशे पंचवीस ओळी पडद्यावर पडल्या, माझी पापणी लवायच्या आत. शेवटी शून्य. मला आठवतं, मला राग आला, कुणाचा ते कळलं नाही. मी त्या ओळी छापून घेतल्या. बाबा तेव्हा एकशे अकरावर होते. ते दुपारी खाली दौलतकाकांकडे गेले असताना मी वह्या काढल्या आणि माझा धंदा केला. मी गिरगावात, खोताच्या वाडीजवळ एका प्रकाशनसंस्थेत बावीस वर्षं मुद्रितं तपासते. दोन मजकूर शेजारी ठेवून डोळे डावी-उजवी नाचवायची मला इतकी सवय आहे की मला अर्थ लागत नाही आणि चूक दिसते. जुन्या वहीच्या शेवटच्या पानावरची एकोणनव्वदावी बाकी माझ्या कागदाशी जुळली. नव्या वहीच्या पहिल्या पानावर, हळदीच्या बोटाखाली, ती जुळली नाही. छप्पन आणि एकवीस या दोन जोड्या होत्या. बाबांनी एकवीस आधी लिहिले होते आणि छप्पन नंतर. एवढंच. माझ्या धंद्यात याला एक खूण आहे, दोन शब्दांना मिळून घातलेलं वेटोळं, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी. माझा हात पेन्सिलकडे गेलासुद्धा. नवाच्या ताळ्याला हे दिसणार नव्हतं, तो नुसती बेरीज बघतो. अकराचा ताळा एक आकडा मिळवतो, एक वजा करतो. अख्खी जोडी सरकली तर त्यालाही पत्ता लागत नाही. म्हणजे नव्वदपासून पुढच्या सगळ्या पायऱ्या, दिवाळीतल्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या अंधुक दुपारच्या, प्रत्येकीला दोन खुणा असलेल्या, चोख, सुंदर, चुकीच्या. मी वह्या होत्या तशा ठेवल्या. खालून लिफ्ट आली, बाबा आत आले, म्हणाले, "चाय घेतलंस?" मी म्हणाले, "घेतला."

मी त्यांना सांगितलं नाही. का नाही, याची मी स्वतःला बरीच चांगली उत्तरं दिली. म्हातारा माणूस, मन मोडेल. गुंतून आहेत ते बरं आहे. डॉक्टरही म्हणतात, डोकं चालतं ठेवा. ही उत्तरं मी कुणालाही दिली असती तर त्याने मान डोलावली असती. पण एखाद्या लेखकाच्या पुस्तकात, रद्दी पुस्तकात, ज्याच्या तीनशे प्रती निघणार आणि दोनशे गोदामात राहणार त्यात, दोन शब्द उलटे पडलेले मी सोडले असते का? एकदा मी एका बुकाची छपाई थांबवून रात्रपाळीच्या माणसाच्या शिव्या खाल्ल्या आहेत, एका तारखेसाठी. तिथं मला वाटतं की बरोबर आणि चूक यांत फरक पडतो. बाबांच्या वहीत फरक पडत नाही असं मला वाटलं होतं. कारण दीडशे वर्षांपूर्वीच झालेलं, कारण लॅपटॉपवर पापणी लवायच्या आत होणारं, कारण टर्नर. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला, आणि आल्यावर मी तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. मी वाट पाहत राहिले. जानेवारीअखेर ते एकशे पंचवीसवर येणार, शून्य येणार नाही, मग काय करायचं ते तेव्हा बघू.

जानेवारीतल्या एका रविवारी मी गेले तर दौलतकाका टेबलाशी उभे होते आणि बाबा लाल शाईने पानांवर तिरक्या रेघा मारत होते, एका पानावर एक, घाई न करता. गिरणीत नापास मालाला लाल रंगाचा फराटा ओढत. "काय झालं?" मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच खोटा ऐकू आला. "एकोणतीस जॉब रिजेक्ट," बाबा म्हणाले. "सांगा की तिला कसं ते," दौलतकाका म्हणाले. "चार दिस माझं डोस्कं खाल्लंय. लवूशेठ, वर चढलेला मानूस, आता कशापायी खाली उतरताय? शून्य आलं म्हनायचं आन् पेढे वाटायचे. कोन बघतंय?" बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाले, "गेजाचीच भानगड. दोनय गेज एकाच डोळ्यान आंधळे. मी आपलो दांडो तपासतंय, गेज कोण तपासतलो?" त्यांना ते आंघोळीच्या वेळी सुचलं होतं: नऊ आणि अकरा दोन्ही ज्याला फसतील अशी चूक कोणती? मग त्यांनी तिसरं गेज बनवलं, एकशे एकचा ताळा, जो आकडे नाही, जोड्याच मिळवतो आणि वजा करतो. आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा सगळ्यांना लावत आले. चार दिवसांनी दसऱ्याच्या पानाशी थांबले. मी म्हणाले, "अरेरे." तो शब्द माझ्या तोंडून निघाला. बाबा एकदम ताठ झाले. "अरेरे कित्याक? माझी चूक माकाच गावली. दुसऱ्यान दाखवूक लागली नाय." त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर दोनदाच पाहिलं, दुसऱ्यांदा वाल सोलताना, पण तेव्हा मी ओळखलं नाही. तो अभिमान होता. माणसाला आपल्या यशाचा असतो तसला नव्हे. एकोणतीस पायऱ्या, सत्तर दिवस, स्वतःच्या हाताने लाल रेघ ओढून बाजूला ठेवता येतात याचा. मी सुटल्यासारखी हसले, त्यांना दोनशे पानांच्या दोन वह्या आणून दिल्या. त्याच क्षणी सांगता आलं असतं. दौलतकाका होते म्हणून नाही, असं मी ठरवलं.

बाराव्या दिवशी दुपारी, आई झोपली असताना, मी कपाटातून वह्या काढल्या. त्या गिरणीत सुताच्या लडीला बांधत तशा दोरीने बांधल्या होत्या. पुठ्ठ्यांवर बाबांच्या अक्षरात पायऱ्यांचे आकडे होते. वहीतलं काम संपल्याशिवाय ते पुठ्ठ्यावर लिहीत नसत. मी शेवटची उघडली. एकशे बावीस. एकशे तेवीस. एकशे चोवीस. मग कोरी पानं. एकशे पंचवीस नव्हती. स्पृहा माझ्या मागे उभी होती, तिने तोंडावर हात ठेवला. दौलतकाका आदल्या दिवशी हेच पाहून गेले होते आणि लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगत होते, एक पायरी, फक्त एक पायरी राहिली. मलाही रडू येत होतं, आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांना काहीतरी खटकलं; रडतानाही त्यांना खटकतंच. एकशे चोवीसची बाकी आखूड होती. अडतीस-एकोणचाळीस आकड्यांच्या त्या एवढ्या ओळींनंतर ही अर्ध्यात संपत होती. अठरा, चव्वेचाळीस, सदुसष्ट, चव्वेचाळीस, शून्य सात, सदतीस, शून्य नऊ, पंचावन्न, सोळा, सोळा. वीस आकडे. मला वाटलं, हात थकला, पुढचं राहिलं. पण समासात तीन खुणा होत्या, तिन्ही गेजांच्या. मी माझा कागद काढला, एकशे चोविसावी ओळ. तीच होती. आकडा न आकडा. "आई," स्पृहा म्हणाली, "हा दोनाचा चौसष्टावा घात आहे." मग ती खाली बसली आणि मला समजावू लागली. याचा वर्ग केला की दोनाचा एकशे अठ्ठाविसावा घात. म्हणजे आपल्या संख्येची दुप्पट आणि वर दोन. भागून बाकी दोन. दोनातून दोन गेले. "यात करायला काही नाहीच आई. कागद लागत नाही." पहिल्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर बाबांनी दोनाचे सगळे घात एकाखाली एक लिहिलेले होते, एकशे सत्तावीसपर्यंत, चौसष्टावा त्यांनी एखाद्या ओळखीच्या माणसासारखा ओळखला असेल, गर्दीतून अचानक समोर आलेला. मी वही मिटली आणि तेव्हा पुठ्ठा वाचला. 'पायऱ्या ९० ते १२५.' खाली तारीख, मंगळवारची. म्हणजे बुधवारी टेबल पुसलेलं होतं ते त्यामुळे. मला हसू आलं. बाबांनी शून्य लिहिलं नव्हतं. चौदा महिने खपून मिळवलेलं शून्य त्यांनी मनात पाहिलं, पुठ्ठ्यावर एकशे पंचवीस लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी वाल सोलले.

तेराव्याला संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये मंडळाने शोकसभा ठेवली. मंडळाचा सेक्रेटरी अवधूत, पस्तिशीचा, बाबांनीच त्याला शाळेत असताना पाढे पाठ करायला लावलेले. त्याने मोठा फलक छापून आणला होता: बाबांचा फोटो आणि खाली 'जगातील सर्वांत मोठ्या संख्येचा शोध लावणारे, लालबागची शान'. मी म्हणाले, "अवधूत, हे खरं नाही रे." "ताई, असू द्या ना. कोण बघायला येतंय? आपला माणूस मोठा करायचा तर आपणच करायचा." कोण बघतंय, हे मी यापूर्वीही ऐकलं होतं, आणि स्वतःशी वेगळ्या शब्दांत म्हटलंही होतं. मी फलक उलटा करून भिंतीला लावला. अवधूतने खुर्च्या मांडायला घेतल्या. तो चांगला मुलगा आहे. साठेक माणसं होती, बहुतेक गिरणीतली, पांढऱ्या टोप्या, जाड चष्मे, काही जणांच्या हाताची बोटं कमी. आई पहिल्या रांगेत. दौलतकाका बोलायला उभे राहिले आणि चाकाची गोष्ट सांगताना नीट होते, पण शेवटी त्यांचा आवाज फुटला. "देवानं एक पायरी द्यायला पायजे व्हती," ते म्हणाले. "एकच. मानूस दारात जाऊन परत फिरला." हॉलमध्ये लोक चुकचुकले. तो आवाज मला सहन झाला नाही. बाबांना कुणी चुकचुकलेलं मी त्यांच्या हयातीत पाहिलं नव्हतं, एक माझं 'अरेरे' सोडून.

मी उठले. मला बोलता येत नाही. मी दुसऱ्यांच्या वाक्यांवर जगते. "एक पायरी राहिली नाही," मी म्हणाले. "काका, ते आत गेले होते." आणि मी त्यांना सांगितलं, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, दोनातून दोन, बोटांवर, जसं जमेल तसं. मागच्या रांगेतल्या कुणा अप्पांनी मोठ्याने विचारलं, "म्हंजे झाला काय पुरा?" मी म्हणाले, "पुरा झाला. मंगळवारी." आणि त्या टोप्या एकदम हलल्या, कुणी टाळी वाजवली, मग शोकसभा आहे हे आठवून थांबला, मग दौलतकाकांनीच जोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली, रडतच, आणि कुणी थांबलं नाही. मी थांबून राहिले. म्हणाले, ती संख्या सर्वांत मोठी नाही. शोध त्यांचा नाही. यंत्राला ते काम क्षणभराचं आहे. त्यांना हे सगळं ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी ते हाताने केलं आणि बरोबर केलं. ते टर्नर होते. हा शब्द मी साठ माणसांसमोर पहिल्यांदा उच्चारला आणि तो तोंडात जड आणि गुळगुळीत लागला, कातलेल्या लोखंडासारखा. आता खाली बसता आलं असतं. सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहत होते, लवू धुरींची शिकलेली मुलगी. "अजून एक आहे," मी म्हणाले. "जानेवारीत त्यांनी एक चूक शोधली, काकांना माहीत आहे. ती मला डिसेंबरातच सापडली होती. माझा धंदाच तो आहे. मी गप्प बसले. मन मोडेल म्हणून नाही. त्यांचं काम चूक दाखवण्याइतकं मोठं आहे, असं मला वाटलं नाही म्हणून." हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येत होता. आईने मान वर केली. ती रागावलेली नव्हती. ती नुसतं विचारत होती, जसं दूध आणलंस का विचारते. "त्यांका सांगलंस काय गो कधी?"

"नाही," मी म्हणाले. मी फोटोकडे पाहिलं नाही, फोटो भिंतीकडे तोंड करून होता. मी समोर, लोकांच्या डोक्यांवरून, हॉलच्या उघड्या दाराकडे पाहिलं आणि मुद्रित वाचून दाखवताना वाचतो त्या आवाजात, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "बाबा, नव्या वहीचं पहिलं पान. दसऱ्याचं. उतरवताना दोन जोड्या उलट्या पडल्यात. छप्पन आधी घ्या, एकवीस नंतर."